आठ स्क्रूंचं चिलखत

माझ्या बायकोनं, तुंगानं, बंबात सिनेमाच्या फिल्मची कात्रणं टाकली आणि बंब भडकला. भडकला म्हणजे नेहमीसारखा नव्हे. कागद भुरभुर जळतो, चिपाडं तडतडतात, लाकूड आधी धुरानं डोळ्यांत पाणी आणतं आणि मग कुठं नाइलाजानं पेटतं. हे तसलं काही नव्हतं. पांढरी, सरळ, सूं आवाज करणारी ज्योत बंबाच्या तोंडातून हातभर बाहेर आली आणि मी 'अगं' म्हणेपर्यंत संपलीसुद्धा. मी पंचा गुंडाळून आंघोळीला उभा होतो. केस जळाल्याचा वास आला. तुंगानं कपाळावर हात फिरवला, भुवईचे करपलेले केस बोटांवर आले ते पाहिले आणि हसली. म्हणाली, "काय हो हे? घरात दारूगोळा आणून ठेवलाय की काय?" तिला हसू येत होतं, कारण तिला काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "कुठल्या पोत्यातली टाकलीस?" ती म्हणाली, "पोती दोनच होती की. एक तर तुम्ही संपवलंत. हे दुसऱ्यातलं, तळाशी उरलेलं. ठेवायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही." आणि पंच्यातच खाली बसलो. न्हाणीची फरशी ओली होती, ती गार लागली, आणि तेवढं एकच मला नीट कळत होतं.

कारण त्याच दुसऱ्या पोत्यातली फिल्म, एकावर एक तीन थर, त्या वेळी माझ्या धाकट्या भावाच्या छातीशी होती. सकाळी साडेसहाला मीच ती तिथं बसवली होती. समोरचा पत्रा, पाठीचा पत्रा, दोन कुशींचे दोन, आणि ते एकमेकांना धरून ठेवणारे पितळेचे आठ स्क्रू, चार डाव्या कुशीला, चार उजव्या. डोकी मागच्या बाजूला. अंगात घालणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही. हेही मीच ठरवलं होतं. आधी चामड्याचे पट्टे आणि बकला लावल्या होत्या, पण चाचणीच्या वेळी घोड्यानं एक हिसका दिला आणि बकल भोकासकट फाटून आली. दामोदरराव, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणाले होते, "नागनाथराव, मिरवणूक चार तासांची आहे. निम्म्या वाटेत राजांचं चिलखत लोंबायला लागलं तर लोक हसतील. मागच्या सालचं आठवतं ना?" आठवत होतं. मागच्या साली पुठ्ठ्याचं केलं होतं, वर चांदीचा कागद. घामानं खळ सुटली आणि अर्ध्या वाटेवर राजांच्या पोटावर एका बिस्किटांच्या खोक्याचं नाव दिसायला लागलं. लोक हसले. मी केलं नव्हतं ते, तरी मला लाज वाटली. तसा स्वभावच आहे माझा. दुसऱ्याची वाकडी खुंटी दिसली तरी मला झोप येत नाही. मी म्हटलं होतं, या साली असं करीन की घालणारा थकेल, पण चिलखत सुटणार नाही. केलंही तसंच.

वैशाखात शिवजयंतीला आमच्या मंडळाची मिरवणूक निघते. इतर गावांत काय करतात ते करोत, आम्ही बंगळूरचे लोक घोड्यावर बसवतो ते शहाजीराजांना. ते आमच्या गावात राहिलेले, म्हणून आमचे. दामोदररावांना वेषात चूक खपत नाही. कॉटनपेटेतल्या एका जुन्या घरात दसऱ्याला पुजलं जाणारं खरं चिलखत आहे, ते पाहायला त्यांनी मला तीनदा नेलं. कड्यांच्या जाळीवर चार चकचकीत पत्रे. जुने लोक त्यांना आरसे म्हणत. मी त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून नक्षी उचलली, कडेची जाडी पट्टीनं मोजली, कुठं वाकलंय, कुठं कुणाचा घाव लागून चेपलंय तेही टिपलं. आणि विमानाच्या कारखान्यातल्या भंगारातून, रीतसर पास करून, विमानाच्या छपराला वापरतात ते काचेसारखं प्लास्टिक आणलं. बारा वर्षं मी तेच काम करतो. ते किती धगीला मऊ होतं, किती वेळ मऊ राहतं, हे माझ्या बोटांना कळतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अय्यंगारांची बेकरी आहे. दुपारी पाव काढल्यावर भट्टीत जी धग उरते ती मला बरोबर पुरायची. लाकडाच्या साच्यावर जुनं फलालीनचं कापड, कापडावर ते मऊ पान, आणि हातमोजे घालून दाबत राहायचं, गार होईपर्यंत. मग पारदर्शक पानाला आतल्या अंगानं ॲल्युमिनियमचा रंग. बाहेरून बघाल तर आरशासारखं पोलाद. पहिला पत्रा उन्हात धरला तेव्हा समोरच्या माडीवरच्या बायका डोळ्यांवर हात घेऊन मागं सरल्या. मी खूश झालो होतो, उगाच कशाला खोटं बोलू?

पण या प्लास्टिकचा एक दोष आहे. भोक पाडलं की भोकापासून तडा जातो, आणि कड कुठं आपटली की टवका उडतो. त्याला आतून अस्तर हवं. विमानांच्या पंखांवर कापड आणि चिकट रोगण यांचे थर देतात ते मी पाहिलेलं. तसंच रोगण मी घरी केलं. जुनी सिनेमाची फिल्म गरम सोड्याच्या पाण्यात धुवून वरची चित्रं काढून टाकायची, उरलेल्या पारदर्शक पट्ट्या ॲसिटोनमध्ये मऊ करायच्या आणि कडांना, भोकांभोवती, थरावर थर चिकटवायच्या, वरून कापड आणि रंगाचा हात. वाळलं की हाडासारखं घट्ट होतं. तंबूतल्या सिनेमाच्या म्हाताऱ्या ऑपरेटरकडून दोन पोती आणली. आता जुनी फिल्म ठिणगीनं पेटते आणि नवी फिल्म नुसती वितळते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पहिल्या पोत्यातली पट्टी मी काडी लावून पाहिली होती. ती वितळली, काळी झाली, विझली. पहिलं पोतं संपलं तेव्हा समोरचा पत्रा आणि दोन्ही कुशी राहिल्या होत्या. दुसरं पोतं उघडलं. काडी लावली नाही. का नाही लावली? त्या दिवशी बसवंत मापाला आला होता म्हणून.

बसवंत माझा भाऊ. हेब्बाळला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, तिथंच एका खोलीत राहतो, एकटा. अकरा वर्षं आम्ही दोघं बोललो नव्हतो. भांडण नव्हे, शिवीगाळ नव्हे, नुसतं बोलणं बंद. सणाला तो येतो, पानावर बसतो, तुंगाशी बोलतो, जातो. राजांच्या वेषासाठी दामोदररावांनी त्याला निवडलं ते त्याची उंची आणि घोड्यावरची बैठक पाहून. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नको म्हटलं नाही. त्या दुपारी तो मधल्या खोलीत उघड्या अंगानं उभा राहिला आणि मी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरलो. अकरा वर्षांनी त्याच्या अंगाला माझा हात लागत होता. खांद्याच्या हाडाखाली एक पांढरा वण होता. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता, मीच पाठकुळी घेऊन दवाखान्यात नेला होता. मी तो वण पार विसरलो होतो. छाती सदतीस, मी मोठ्यानं म्हटलं, कुणीतरी लिहून घेत असल्यासारखं. पत्रा चढवून पाहिला तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "वैनी, त्यांना सांगा, काखेत टोचतंय." तुंगा दारातच उभी होती. ती तिचं नेहमीचं कानडी 'बरं' लावून म्हणाली, "सरी, ऐकलंत ना? काखेत टोचतंय म्हणे." मी तुंगाला म्हटलं, "त्याला सांग, कड घासून देतो." असं आमचं बोलणं. तो गेल्यावर मी दुसरं पोतं उघडलं आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्या चिकटवत बसलो. बोटांना त्याच्या अंगाची ऊब अजून जाणवत होती, आणि त्या उबेत काडी लावायचं राहून गेलं. काखेची कड घासायचीही राहिली.

मी आंघोळ न करताच सदरा चढवला, धोतर कसंबसं नेसलो. तुंगा मागून ओरडली, "अहो, डोक्यावरून तरी पाणी घ्या!" खिशात चाचपलं, स्क्रूड्रायव्हर होता. तो माझ्या खिशात नेहमी असतो, लोक पेन ठेवतात तसा. घराबाहेर आलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. बंगळूरची हवा थंड, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी वैशाखात कॉटनपेटेत यावं. डांबर मऊ झालं होतं. बँड कुठंतरी पुढं वाजत होता, ढोलाचा आवाज घरांवर आपटून परत येत होता, त्यामुळं मिरवणूक कुठल्या गल्लीत आहे तेच कळेना. मी धावत होतो आणि मनात सगळं स्वच्छ दिसत होतं. देवळाचा चौक ओलांडला की दर दाराशी मिरवणूक थांबते. दर दारातली सुवासिनी ताट घेऊन पुढं येते. घोड्याच्या पायांवर पाणी घालते, मग राजांना ओवाळते. ताटात कापूर असतो. तेलाची निरांजनं वाऱ्यानं विझतात, म्हणून आमच्याकडे मिरवणुकीत कापूरच. राजे घोड्यावर, बाई खाली, म्हणजे ती हात उंच करते. ज्योत येते ती मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत. चिलखताची खालची कड कंबरेवर येते. मीच मोजून घेतली होती, मूळ चिलखतासारखी, बेंबीच्या दोन बोटं वर.

पळता पळता दुसरंही दिसत होतं, ते मला नको होतं. अकरा वर्षांपूर्वीही असाच घोडा होता. असाच रस्ता, कारण आमच्या लोकांच्या सगळ्या वराती याच रस्त्यानं जातात. बसवंत चोवीस वर्षांचा, मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसलेला. मुलगी धारवाडकडची. बाबा गेलेले, मी थोरला, लग्न मीच जमवलं होतं. आणि बसवंताला लहानपणी दोनदा आणि लग्नाआधी महिनाभर एकदा फीट आली होती, हे मी मुलीच्या बापाला सांगितलं नव्हतं. बघण्याच्या दिवशी सांगणार होतो. मग साखरपुड्याला सांगणार होतो. मग पत्र लिहिणार होतो, दोनदा लिहिलं आणि फाडलं. शेवटी वरात मांडवापासून चार घरांवर आली आणि मी पुढं झालो, घोड्याचा लगाम धरला आणि म्हटलं, "उतर खाली, बसवंता." त्यानं का म्हणून विचारलं नाही. उतरला. रस्त्यात, बँडवाल्यांच्या समोर, मी मुलीच्या बापाला सगळं सांगितलं. खरं तेच सांगितलं. नंतर पुष्कळ जणांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, नागनाथराव, तुम्ही एका मुलीचं आयुष्य वाचवलंत. मुंडावळ्या बांधलेला बसवंत रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात नारळ होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्यानंतर त्याला फीट कधीच आली नाही. आणि मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो की मी खरं बोललो. त्या उन्हात धावताना पहिल्यांदा स्वतःशी म्हटलं, खरं बोललास, पण घोड्यावर बसवून बोललास. घरात बोलायला भ्यालास.

देवळाच्या पुढच्या चौकात मिरवणूक सापडली. आधी चमक दिसली, मग घोडा दिसला. त्या चौकातलं सगळं ऊन त्याच्या छातीवर गोळा झालं होतं. लोक डोळे बारीक करून बघत होते. खरं सांगतो, एवढ्या भीतीतही त्या क्षणी मनात आलं, काय झालंय काम! कड कुठं फाकलेली नाही, पाठीचा पत्रा श्वासाबरोबर हलतोय तेवढाच, एक टवका नाही. माणूस किती हलकट असतो! मी गर्दीतून घुसलो. दामोदररावांनी मला पाहिलं आणि माझा दंड धरून सरळ पुढं ओढलं. त्यांच्या हातात कर्णा होता. "मंडळी," ते ओरडले, "हे चिलखत ज्यांनी घडवलं ते हे नागनाथराव! राजांचे थोरले बंधू! तीनशे वर्षांपूर्वीचं जसं होतं तसं, एका सुताचा फरक नाही!" टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. शेवंतीचा हार, ओला, मानेला गार लागणारा. मी वर पाहिलं. बसवंत घोड्यावरून माझ्याकडे बघत होता. शिरस्त्राणाखाली त्याचा चेहरा घामानं लाल झाला होता. तो जरासा हसला. माझ्याकडे बघून. अकरा वर्षांत तो माझ्याकडे बघून हसला नव्हता.

आता तुम्हीच सांगा, त्या वेळी माझ्या तोंडातून कसं निघावं? काय म्हणणार होतो? उतर खाली? त्याच रस्त्यात, त्याच माणसाला, पुन्हा घोड्यावरून? लोक काय म्हणतील हे तर होतंच. ते म्हणतील, भावानं भावाचं वाटोळं दोनदा केलं, एकदा तोंडानं, एकदा हातानं. पण लोकांचं जाऊ दे. ते हसू पुसलं जाईल, ही मला खरी भीती होती. मी दामोदररावांच्या कानाशी लागलो आणि खोटं बोललो. म्हटलं, "अध्यक्ष, स्वल्प थांबवा. एक स्क्रू सैल झालाय. देवळात नेऊन बघतो." ते माझ्याकडे बघून मोठ्यांदा हसले. "सैल? तुमचा स्क्रू? नागनाथराव, दृष्ट लागेल म्हणून असं बोलताय होय? अहो, ब्रह्मदेवाला सुटायचा नाही तो. चला, चला, ऊन वाढतंय." बँडवाल्यांना त्यांनी हात केला आणि मिरवणूक पुढं निघाली. मी घोड्याच्या डाव्या अंगाला, रिकिबीला चिकटून चालू लागलो. नाक बसवंताच्या कुशीच्या पातळीला होतं. रंग तापल्याचा वास येत होता, घामाचा येत होता, आणि त्यांच्या खाली, मला वाटलं की येतोय, ॲसिटोनचा तो गोडसर, झोंबरा वास.

पहिलं दार. भागुबाई, आमच्या शिंप्याची बायको, ताट घेऊन आली. मी ताटाखाली हात घातला आणि म्हटलं, "द्या, मी वर धरतो, तुमचा हात पुरायचा नाही." ती चिडली. "पुरुष ओवाळतात काय, अण्णा? सरका पलीकडं." तिनं टाचा उंचावल्या. कापराची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली, चिलखताच्या खालच्या कडेच्या दिशेनं जीभ काढून परत आली. मी मोजत होतो. वीतभर. पुढच्या दाराला बाई उंच होती. चार बोटं. मी मधे हात घातला, काहीतरी झटकल्यासारखं केलं, मनगटावरचे केस जळाले. बसवंत वरून बघत होता. त्याचं हसू आता नव्हतं; नुसता बघत होता, घोड्याच्या मानेवर हात ठेवून. तिसरं दार, चौथं दार. दर दाराशी मी ठरवत होतो, हे झालं की सांगतो. ज्योत मागं गेली की वाटायचं, टळलं, आता पुढच्या दारापर्यंत वेळ आहे. असं चाललं होतं. मला माझी चांगली ओळख होती. बघण्याच्या दिवशी, मग साखरपुड्याला, मग पत्र. दारं पुढं येत होती आणि मी मागच्याच सवयीनं चालत होतो. हार मानेला चिकटला होता, त्यातली एक काडी सारखी टोचत होती, आणि मी ती काढतही नव्हतो.

आणि मग मला ठकुबाईंचं घर आठवलं. आठवलं म्हणजे समोरच दिसलं. ठकुबाई आमच्या लोकांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सुवासिनी, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, जिना उतरत नाहीत. त्यांचा मान मोठा. त्या माडीवरच्या लाकडी सज्ज्यातून ओवाळतात. दरसाल घोडा सज्ज्याखाली अगदी चिकटवून उभा करतात, मग राजांची छाती आणि ठकुबाईंचं ताट समोरासमोर येतं. अकरा वड्या कापूर. मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पोरं म्हणून आम्ही तेवढ्यासाठीच धावत यायचो, राजांचा चेहरा उजळून निघतो ते बघायला. अकरा ज्योतींची एक ज्योत होते. ती वीतभर नाही, चार बोटं नाही. ती सरळ छातीला लागते, आणि राजांनी मागं सरायचं नसतं.

सज्ज्यात ठकुबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सून ताट धरून होती, काडी ओढत होती. घोडेवाल्यानं घोडा आडवा घेतला. दामोदरराव कर्ण्यातून काहीतरी म्हणत होते. बँडनं संथ चाल धरली. माझ्या मनात एक हलकट हिशोब चालूच होता, की फिल्मवर कापड आहे, कापडावर रंग आहे, सोनेरी काठ आहे, कदाचित नाही पेटणार, कदाचित काही होणार नाही, आणि मग कुणालाच कधी कळणार नाही. आणि त्याच वेळी मला न्हाणीतली ती ज्योत दिसत होती. ती 'अगं' म्हणेपर्यंत संपली होती. आठ स्क्रू. हात हलला नाही तर एका स्क्रूला मोजून दहा सेकंद. वर सुनेनं ताट ठकुबाईंच्या हातात दिलं. ज्योत उंच झाली. बसवंतानं पाठ ताठ केली, हनुवटी उचलली.

मी लगाम धरला. घोडा दचकून मागं सरला, सज्ज्यापासून हातभर, दोन हात. "उतर खाली, बसवंता," मी म्हटलं.

आवाज नको तेवढा मोठा आला. बँडवाल्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. एक एक वाद्य थांबत गेलं आणि शेवटी ढोलकरी एकटाच दोन ठोके वाजवून गप्प झाला. दामोदरराव म्हणाले, "अहो, नागनाथराव, हे काय?" मागं कुणीतरी कानडीत म्हणालं की यांनी मागंही असंच केलं होतं. ते मला स्पष्ट ऐकू आलं. बसवंताचा चेहरा शिरस्त्राणाखाली पांढरा पडत गेला. तो घोड्याच्या मानेवरून वाकला, इतका की त्याच्या घामाचा थेंब माझ्या मनगटावर पडला, तिथंच, जिथं केस जळले होते. तुंगा नव्हती, मधे कुणीच नव्हतं. अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं तो म्हणाला, "अण्णा, या खेपेला काय चुकलं माझं?"

मी त्याला उत्तर दिलं, पण हळू नाही दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं, कारण तेव्हाचंही मी सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोललो होतो. म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. आत जुनी फिल्म लावलीय, न तपासता. ठिणगी लागली तर भडका होईल. मला सकाळीच कळलं, आणि चार दारं मी गप्प चालत आलो. तेव्हाही तुझं काही चुकलं नव्हतं. मी घरात सांगायला हवं होतं, आणि भ्यालो." आणखी काय बोललो ते आठवत नाही. वर बघून एवढं म्हणालो ते आठवतं, "अक्का, आधी ती आरती आत न्या." ठकुबाईंनी ताट सुनेकडे दिलं आणि सून पळतच आत गेली. मग मला गळ्यातल्या हाराची आठवण झाली. तो काढून कुठं ठेवावा ते कळेना, तेव्हा तसाच राहू दिला.

बसवंत क्षणभर घोड्यावरच बसून राहिला. तो टाच मारून निघून गेला असता, तर त्याचं काही चुकलं नसतं. पण त्यानं रिकिबीतून पाय काढला आणि उतरला. माझ्यापुढं येऊन उभा राहिला, आणि मग वळला, पाठ माझ्याकडे करून. दोन्ही हात त्यानं अंगापासून लांब धरले. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. पहिल्या स्क्रूच्या खाचेत टोक बसेना. लोक मागं सरले होते, मधे मोठं रिकामं रिंगण झालं होतं आणि त्या रिंगणात आम्ही दोघंच. पहिला सुटला. दुसरा सुटला. घट्टच बसवले होते, एकेक फिरवताना मनगट दुखत होतं. चौथा निघाल्यावर डावी कूस उघडली आणि आतून कोंडलेली वाफ माझ्या तोंडावर आली. त्याचा सदरा अंगाला चिकटून पारदर्शक झाला होता. काखेखाली, पत्र्याची न घासलेली कड बसते तिथं, एक लांब लाल ओरखडा होता, आणि त्यातून जरासं रक्त येऊन सदऱ्यात पसरलं होतं.

"काखेत टोचतच होतं, अण्णा," तो समोर बघत म्हणाला.

मी म्हटलं, "हो. हात जरा वर कर." त्यानं हात वर केला आणि मी पाचव्या स्क्रूला लागलो.